मार्शल पास, तरी चाकोऱ्या: डांबरी थराच्या पोटात खडी कशी बसली आहे ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भातल्या अवजड वाहतुकीच्या रस्त्यावर ५० मिमी जाडीचा बीसी (बिटुमिनस काँक्रीट, सर्वांत वरचा डांबरी थर) ग्रेड-१ टाकला. व्हीजी-३० डांबर ५.४ टक्के, मार्शल स्टॅबिलिटी (प्रयोगशाळेत नमुना मोडेपर्यंत पेललेला भार) १३ किलोन्यूटन, फ्लो (तोवर नमुना दबला ते अंतर) ३.८ मिमी, पोकळ्या ३.९ टक्के, ग्रेडेशन (खडीच्या आकारांचे प्रमाण) प्रत्येक चाळणीवर मर्यादेत. दोन उन्हाळ्यांत चाकोऱ्या पडल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना वरंबे उठले आणि काही पट्ट्यांत खडीही सुटू लागली. सगळे अहवाल पास असताना दोष कुठे शोधायचा?

दोष खडीच्या मांडणीत शोधायचा. चाळणीचा तक्ता कोणत्या आकाराची खडी किती आहे एवढेच सांगतो. ती खडी एकमेकींना टेकली आहे का, कोणत्या आकाराची खडी भार पेलते आहे, ती आडवी पडली आहे की कडेवर उभी आहे, आणि उरलेल्या पोकळ्या एकसारख्या पसरल्या आहेत की एका जागी साठल्या आहेत, यांतले काहीही तक्त्यात दिसत नाही. रस्त्याचे आयुष्य मात्र याच गोष्टींवर ठरते.

आधी एक खात्री करून घ्या. चाकोरीच्या तळात, वरंब्यावर आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये असे आडव्या रेषेत कोअर (थरातून गोल कापून काढलेले नमुने) काढा आणि प्रत्येक थराची जाडी वेगवेगळी मोजा. बीसी चाकोरीत पातळ आणि वरंब्यात जाड झाली असेल तर मिश्रण बाजूला सरकले आहे, म्हणजे शिअरने वाहिले आहे. सगळ्या थरांची जाडी जागच्या जागी असून ते एकत्र खाली वाकले असतील, तर दोष खालच्या खडीच्या थरांत (जीएसबी, डब्ल्यूएमएम) किंवा मातीत आहे आणि पुढचे सगळे उत्तर तुमच्या उपयोगाचे नाही. बीसी पातळ झाली पण वरंबा नाही, असे असेल तर रोलिंग अपुरे राहिले आणि उरलेले कॉम्पॅक्शन ट्रकांनी केले. तुमच्याकडे वरंबे आहेत, त्यामुळे पहिली शक्यता सर्वांत बळकट आहे.

भार कोण पेलते?

वजनाने डांबर साडेपाच टक्के म्हटले की ते नगण्य वाटते. घनफळाचा हिशेब वेगळा निघतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाची बल्क ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) २.८० धरा, तुमच्या कोअरची घनता २.५० आणि डांबर ५.४ टक्के. व्हीएमए (खडीच्या दाण्यांमधली एकूण जागा) येतो १५.५ टक्के. म्हणजे थराच्या घनफळात खडी ८४.५, पोकळ्या ३.९ आणि खडीत न मुरलेले, खरोखर कामाचे डांबर सुमारे ११.६ टक्के.

नागपूरकडे हवेचे तापमान ४५ अंशांवर जाते तेव्हा डांबरी पृष्ठभाग ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो. त्या तापमानाला व्हीजी-३० हे घट्ट द्रव असते, घन नसते. आयएस ७३ या डांबराच्या भारतीय मानकात त्याची ६० अंशांवरची किमान स्निग्धता २४०० पॉइज आहे, व्हीजी-४० ची ३२००. खोलीच्या तापमानाच्या तुलनेत डांबर तेव्हा शेकडो पटींनी मऊ झालेले असते. त्यातून ट्रक सिग्नलला थांबला, टोलनाक्याच्या रांगेत रांगला किंवा कसारा, खंबाटकीसारख्या घाटात पहिल्या गिअरमध्ये चढू लागला, की भार जास्त वेळ टिकतो आणि डांबराला वाहायला सवड मिळते. अशा वेळी आकार टिकवून धरण्याचे काम दगडावर येते. डोंगरउतारावरची दगडी ताल चुन्याशिवाय उभी राहते ती दगडाला दगड अडकतो म्हणून. उन्हाळ्याच्या दुपारी डांबरी थराला तसेच राहावे लागते.

दगड दगडाला खरोखर टेकला आहे का, हे एका साध्या हिशेबाने कळते. ४.७५ मिमीच्या वरची कोरडी खडी घ्या, भांड्यात तीन थरांत भरा, प्रत्येक थराला १६ मिमीच्या सळईने २५ ठोके द्या आणि घनता काढा. समजा ती १.६२ ग्रॅम प्रति घसेमी आली. म्हणजे या ठासलेल्या खडीत पोकळी (२.८० − १.६२) ÷ २.८० = ४२.१ टक्के. आता तुमच्या मिश्रणात याच जाड खडीच्या दगडांमधली जागा किती आहे ते पाहा. ४.७५ वर ५५ टक्के खडी राहते, डांबर धरून एकूण मिश्रणाच्या ती ५२ टक्के. १०० − (२.५० ÷ २.८० × ५२) = ५३.६ टक्के. ठासलेल्या खडीत ४२ टक्के जागा, तुमच्या मिश्रणात ५३.६. याचा अर्थ जाड खडी एकमेकींपासून दूर ढकलली गेली आहे आणि बारीक माल व डांबराच्या लगद्यात तरंगते आहे.

हाच हिशेब एसएमएला (स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट, जाड खडीच्या सांगाड्यावर उभे मिश्रण) लावा. ४.७५ वर ७४ टक्के खडी, डांबर ६.२, घनता २.४६. उत्तर ३९ टक्के येते, म्हणजे ४२.१ पेक्षा कमी. तिथे दगड दगडाला टेकला आहे. एसएमएच्या डिझाइनमध्ये ही अट लेखी असते. बीसीसाठी ती कोणी विचारत नाही, आणि विचारली तरी बीसी तिच्यात बसणार नाही, कारण बीसीची रचनाच वेगळी आहे.

म्हणून बीसी वाईट असे मात्र नाही. बीसीमध्ये २० मिमीच्या खडीचे दगड तरंगत असले तरी ९.५ ते २.३६ मिमीची मधली खडी त्यांच्यात साखळी जोडते. मोठा दगड मधल्याला टेकतो, मधला लहानाला, आणि भार असा खाली जातो. बीसी टिकते ती या मधल्या खडीवर. ती काढून घेतली की साखळी तुटते आणि मोठ्या दगडाभोवती नुसती कच (क्रशरचा बारीक चुरा) आणि डांबर उरते.

सगळ्या चाळण्या पास, तरी साखळी तुटलेली

महाराष्ट्रातल्या बऱ्याच प्लांटवर तीनच ढीग असतात: २० मिमी, १० मिमी आणि कच. ६ मिमीची खडी स्वतंत्र घेतली तर चौथा कोल्ड बिन (थंड खडीचा हौद) लागतो, क्रशरवर आणखी एक चाळणी लागते, म्हणून ती टाळतात. मग ग्रेडेशन मर्यादेत आणायला कच वाढवतात.

अशा मिश्रणाचे पासिंग (चाळणीतून खाली जाणारी टक्केवारी) साधारण असे दिसते: १३.२ मिमीवर ६२, ९.५ वर ५४, ४.७५ वर ४६, २.३६ वर ४०, १.१८ वर ३२, ०.६ वर २५, ०.३ वर १८, ७५ मायक्रॉनवर ७. एमओआरटीएचच्या (केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या) बीसी ग्रेड-१ च्या तक्त्याशी ताडून पाहा. मर्यादा अनुक्रमे ५९–७९, ५२–७२, ३५–५५, २८–४४, २०–३४, १५–२७, १०–२० आणि २–८ आहेत. एकही चाळणी नापास नाही. पण ९.५ आणि ४.७५ च्या मध्ये फक्त ८ टक्के खडी आहे, आणि ४.७५ ते २.३६ मध्ये ६ टक्के. वक्र वरच्या आकारांत जाड बाजूला आणि खालच्या आकारांत बारीक बाजूला झुकतो, मध्ये जवळजवळ आडवा होतो. अहवालात प्रत्येक चाळणीसमोर बरोबरची खूण असते आणि वक्राचा आकार कोणी पाहतच नाही.

हे आकड्यात पकडायला बेली पद्धत उपयोगी आहे. इलिनॉय राज्याच्या परिवहन खात्यातले अभियंता रॉबर्ट बेली यांनी १९८० च्या दशकात ती बसवली. तत्त्व असे की जाड आणि बारीक खडीची सीमा ४.७५ वर कायमची ठोकलेली नसते. ती मिश्रणाच्या नॉमिनल आकाराच्या (मिश्रणातल्या मोठ्या खडीच्या ठरवलेल्या आकाराच्या) ०.२२ पट असते, कारण साधारण तेवढाच दाणा मोठ्या दगडांमधल्या फटीत बसतो. १९ मिमीच्या बीसीसाठी ४.१८ येते, जवळची चाळणी ४.७५. नॉमिनल आकाराच्या निम्मी चाळणी ९.५. जाड खडीचे गुणोत्तर काढायचे ते असे: ९.५ चे पासिंग वजा ४.७५ चे पासिंग, भागिले १०० वजा ९.५ चे पासिंग. १९ मिमीच्या जाड बाजूच्या मिश्रणाला हे ०.६० ते ०.७५ असावे. वरच्या मिश्रणाचे येते ८ ÷ ४६ = ०.१७.

बारीक मालासाठी १.१८ चे पासिंग भागिले ४.७५ चे पासिंग, अपेक्षा ०.३५ ते ०.५०. इथे ३२ ÷ ४६ = ०.७०. म्हणजे बारीक मालात बारीकच जास्त आहे. तो जाड खडीच्या फटी भरून थांबत नाही, तिला दूर सारतो.

मध्यरेषेवर ग्रेडेशन बसवले की सुरक्षित, हा समजही तपासून घ्या. ग्रेड-१ च्या तक्त्याची मध्यरेषा काढली तर ९.५ वर ६२, ४.७५ वर ४५, १.१८ वर २७ येते. जाड खडीचे गुणोत्तर ०.४५, बारीकचे ०.६०. ०.१७ पेक्षा बरे, पण अपेक्षेत तेही बसत नाही.

त्याच मर्यादांत राहून सांगाडा सुधारता येतो. १३.२ वर ७५, ९.५ वर ६४, ४.७५ वर ४२, २.३६ वर ३०, १.१८ वर २१, ०.६ वर १६, ०.३ वर ११, ७५ मायक्रॉनवर ५ असे पासिंग धरा. गुणोत्तरे ०.६१ आणि ०.५० येतात. हे साधायला ६ मिमीची खडी लागतेच, २० मिमीचा वाटा कमी होतो आणि १० मिमीचा वाढतो. बेलीचे आकडे मात्र कायदा म्हणून घेऊ नका. ते सुरुवातीची दिशा देतात. शेवटचा निर्णय व्हीएमए, पोकळ्या आणि व्हील ट्रॅकिंगवर (चाक फिरवून चाकोरी मोजणाऱ्या चाचणीवर) घ्या.

मार्शल १३ किलोन्यूटन कसे आले, याचेही उत्तर इथेच आहे. ७ टक्के ७५ मायक्रॉनखालची कच डांबराला घट्ट करते. त्या लगद्याच्या ताठरपणामुळे स्टॅबिलिटी चढते. शिवाय मार्शलच्या जबड्यात नमुना दोन्ही बाजूंनी अर्धवट आवळलेला असतो आणि मिनिटाला ५०.८ मिमी या वेगाने दाबला जातो, म्हणजे चाचणी काही सेकंदांत संपते. मंद, वारंवार येणाऱ्या चाकाखाली खडी सरकेल का, हा प्रश्न ती विचारतच नाही. ९ किलोन्यूटनची किमान अट पार केली म्हणजे मिश्रण बनवता येण्याजोगे आहे, इतकाच निष्कर्ष काढावा. चाकोरीसाठी हॅम्बर्ग व्हील ट्रॅकिंग करा: ५० अंशांच्या पाण्यात ७०५ न्यूटन भाराचे लोखंडी चाक, २०,००० फेऱ्यांपर्यंत. साखळी तुटलेले मिश्रण तिथे लवकर उघडे पडते.

थराची जाडी आणि खडीचा आकार

हा मुद्दा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. दगडांना फिरून, सरकून आपली जागा घ्यायला थरात उंची लागते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनसीएचआरपी (महामार्ग संशोधन कार्यक्रम) अहवाल ५३१ ची शिफारस अशी: बारीक बाजूच्या मिश्रणाला थराची जाडी नॉमिनल आकाराच्या किमान तिप्पट, जाड बाजूच्या मिश्रणाला चौपट. १९ मिमीची बीसी ५० मिमीत टाकली तर गुणोत्तर २.६ येते. २६.५ मिमीची डीबीएम (बीसीखालचा डांबरी थर) ग्रेड-२ ५० मिमीत टाकली तर १.९. म्हणजे दोन मोठे दगड एकावर एक आले की थराची उंची संपली. रोलर त्या दगडांवर टेकतो, दगड फुटतो किंवा भार खाली जाऊ देत नाही, आणि शेजारचे मिश्रण मोकळेच राहते.

म्हणून वर दिलेल्या सुधारित वक्रात १३.२ चे पासिंग मुद्दाम ७५ ठेवले आहे. करारात ग्रेड-१ आणि ५० मिमीच असेल तर १३.२ वरची खडी शक्य तितकी कमी ठेवा. थर ४० मिमीचा असेल तर ग्रेड-२ घ्या. त्याचा नॉमिनल आकार १३.२, गुणोत्तर ३. डीबीएमला ५० ऐवजी ७५ मिमी मिळत असेल तर दोन पातळ थरांचा आग्रह सोडा.

दगडाचा आकार आणि जात

चपटा दगड रचना तीन प्रकारे बिघडवतो. तो आडवा पडतो, त्यामुळे खालून-वरून टेकणारे शेजारी कमी मिळतात. रोलरखाली तो मोडतो, आणि मोडलेल्या कोऱ्या तोंडाला डांबर नसते, पाण्याला तिथून वाट मिळते. तिसरे, मोडल्यावर ग्रेडेशनच बदलते. प्रयोगशाळेत डिझाइन केलेले मिश्रण आणि रस्त्यावर दाबलेले मिश्रण एक राहत नाही.

आयएस २३८६ प्रमाणे ज्या दगडाची जाडी त्याच्या सरासरी आकाराच्या ०.६ पटीपेक्षा कमी तो चपटा, आणि लांबी १.८ पटीपेक्षा जास्त तो लांबट. बीसी, डीबीएमसाठी दोन्ही मिळून ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. अवजड वाहतुकीसाठी ही मर्यादा सैल वाटते. २५ च्या आत ठेवणे शक्य असते. चाचणी नेहमी २० मिमीच्या खडीवर केली जाते आणि १० मिमीची सोडून दिली जाते. चपटेपणा जास्त निघतो तो १० मिमीत, आणि वर पाहिले तसे साखळी जोडणारी खडी नेमकी तीच.

कारण क्रशरवर असते. नुसत्या जॉ क्रशरमधून एका झटक्यात मोठा दगड बारीक केला की चपट्या कपच्या निघतात. जॉनंतर कोन क्रशर, आणि कोनचे तोंड सतत भरलेले ठेवले तर दगड दगडावर घासून कडा मोडतात. शेवटी व्हीएसआय (दगड आपटून फोडणारा क्रशर) असेल तर घनाकार खडी मिळते. कोन अर्धा रिकामा चालवणे हे चपट्या खडीचे फार नेहमीचे कारण आहे. क्रशरवाल्याशी भांडण्यापूर्वी फीड कसा चालतो ते एक तास उभे राहून पाहा.

काळा पाषाण डांबराला ग्रॅनाइट किंवा क्वार्टझाइटपेक्षा चांगला धरतो. पण एकाच खाणीत घट्ट पाषाणाच्या वर-खाली सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा थर लागतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. तो मिसळला की पाणी शोषण वाढते, आघात चाचणी बिघडते, आणि डांबर छिद्रांत मुरून बाहेरचा लेप पातळ होतो. पाणी शोषण २ टक्क्यांच्या आत हवे. दर नव्या सुरुंगानंतर ते पुन्हा मोजा. जांभा दगड या थरात घालण्याचा विचारही करू नये.

बारीक मालात नदीची गोल वाळू घातली तर मिश्रण सहज दाबले जाते, पेव्हरवाला खूश होतो, आणि उन्हाळ्यात थर सरकतो. दाण्याची टोके एकमेकांत अडकली पाहिजेत. न ठासलेल्या बारीक मालातली पोकळी ४५ टक्के किंवा जास्त असावी, अशी सुपरपेव्ह या अमेरिकी डिझाइन पद्धतीची जड वाहतुकीसाठीची अट आहे. काळ्या पाषाणाच्या कचेला हे सहसा जमते. कचेची अडचण टोकांची नसून धुळीची असते.

आत पाहण्याची स्वस्त पद्धत

संशोधनात यासाठी एक्स-रे सीटी वापरतात. साइटवर डायमंड ब्लेडची करवत आणि साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो.

१५० मिमी व्यासाचे कोअर घ्या, एक चाकोरीतून, एक वरंब्यातून, एक दोन्हींच्या मधून. काढताना वाहतुकीची दिशा कोअरवर बाणाने लिहा. हे राहिले तर पुढचे निम्मे काम वाया जाते. पाणी सोडत कोअर उभा कापा, एक काप वाहतुकीच्या दिशेने आणि दुसऱ्या कोअरवर आडवा. काप धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. काळा दगड आणि काळे डांबर ओले असताना वेगळे दिसतच नाहीत. वाळल्यावर पाषाणाचे ताजे तोंड राखाडी होते, डांबर काळे राहते. मग तोंडावर खडूची बारीक भुकटी चोळून पुसून घ्या. पोकळ्यांत पांढरे भरते. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २.३६ मिमीवरचे दगड वेगळे करा.

पाहायचे ते असे. प्रत्येक मोठ्या दगडाला किती शेजारी टेकतात? अर्धा मिमीच्या आतले अंतर म्हणजे संपर्क, असे धरा आणि सगळ्या कोअरना तोच निकष लावा. एका प्रतलात खऱ्यापेक्षा कमीच संपर्क दिसतात, म्हणून आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. एका कोअरची दुसऱ्याशी तुलना करा. मोठ्या दगडाभोवती सर्व बाजूंनी काळा जाड लेप आणि कच दिसत असेल, तर तो तरंगतो आहे. त्यानंतर दगडांच्या लांब अक्षाचा आडव्याशी कोन मोजा. चांगल्या रोलिंगनंतर बहुतेक अक्ष आडव्याकडे झुकतात. वरंब्याच्या कापात अक्ष वर तिरके वळलेले दिसले, तर मिश्रण तिकडे वाहिल्याचा तो पुरावा आहे. शेवटी वरचा, मधला आणि खालचा तिसरा भाग यांतल्या पांढऱ्या ठिपक्यांचे क्षेत्र वेगवेगळे मोजा. सरासरी ६ टक्के पोकळी दाखवणारा कोअर वर ३ आणि तळाला १० असू शकतो.

मार्शलची गोटी (चाचणीसाठी ठोकून केलेला नमुना) कापून तिच्याशी हीच तुलना केली की प्रयोगशाळा आणि रस्ता यांतला फरक डोळ्यांना दिसतो. ४.५४ किलोचा हातोडा ४५७ मिमीवरून सरळ पडतो. दगड वळत नाहीत, काही फुटतात. रस्त्यावर रोलर मिश्रणाला मळतो. जायरेटरी कॉम्पॅक्टर ६०० किलोपास्कल दाब आणि थोडा तिरका कोन देऊन फिरवतो, त्यामुळे दगडांची मांडणी रस्त्याच्या जास्त जवळ जाते. पण जायरेटरीच्या नमुन्यातही वरच्या आणि खालच्या टोकाला पोकळ्या जास्त आणि मध्ये कमी राहतात, हे चाचणीचे काप घेताना लक्षात ठेवा. २६.५ मिमीच्या डीबीएमसाठी १०१.६ मिमीचा साचा वापरत असाल तर निकाल फेकून द्या आणि १५२.४ मिमीचा साचा, १०.२ किलोचा हातोडा, ११२ ठोके घ्या.

प्लांटपासून रोलरपर्यंत ही रचना कुठे मोडते

ड्रम मिक्स प्लांटवर गरम खडी पुन्हा चाळली जात नाही. कोल्ड बिनमधून जे सुटते तेच ट्रकमध्ये येते. म्हणून प्रत्येक बिनचा पट्टा वेगानुसार कॅलिब्रेट केलेला हवा, आणि ढीग बदलला की पुन्हा. पावसानंतर कचेत ५ ते ८ टक्के पाणी सहज असते. पट्ट्यावरचा काटा पाण्यासकट वजन धरतो; ओलावा रोज सकाळी मोजून भरला नाही तर कच कमी आणि डांबर जास्त जाते. ढिगांच्या मध्ये भिंत नसली की लोडरवाला १० मिमी आणि कच एकत्र करतो. वरच्या ०.१७ चे मूळ कधीकधी डिझाइनमध्ये नसून या भिंतीच्या अभावात असते.

हायवामध्ये माल एकाच ठिकाणी ओतला तर शंकू होतो आणि जाड खडी उतारावरून घरंगळून कडेला जाते. पुढे, मागे, मग मध्ये असे तीन ढीग करून भरा. पेव्हरच्या (मिश्रण पसरणाऱ्या यंत्राच्या) हॉपरचे पंख प्रत्येक गाडीनंतर मिटू नका. कडेला साठलेला थंड आणि जाड माल एकदम मध्ये येतो आणि रस्त्यावर ठराविक अंतराने खरखरीत चट्टे दिसतात. ऑगर (माल दोन्ही बाजूंना नेणारा स्क्रू) दोन-तृतीयांश बुडालेला ठेवा. तुमच्याकडे खडी सुटणारे पट्टे जर एका ट्रकच्या अंतराने येत असतील तर कारण हेच. सलग एका रेषेत येत असतील तर ऑगरच्या मधल्या गिअरबॉक्सखाली किंवा सांध्यावर माल कमी पडतो आहे.

अशा चट्ट्यांत जाड खडी एकमेकींना टेकलेली असते, पण भरायला बारीक माल नसतो. सांगाडा आहे आणि पोकळ्या जोडलेल्या आहेत. पोकळी साधारण ८ टक्क्यांच्या वर गेली की त्या एकमेकींत उघडतात आणि पाणी आरपार जाते. १९ मिमीच्या जाड मिश्रणात हे त्याआधीच सुरू होते. पावसाळ्यात चाकाखाली ते पाणी दाबाने आत-बाहेर होते, डांबर दगडावरून सुटते आणि खड्ड्याची सुरुवात होते. म्हणजे एकाच रस्त्यावर चाकोरी बारीक माल जास्त झाल्याने आणि खड्डे बारीक माल कमी पडल्याने होऊ शकतात. दोन्हींवर डांबराचे प्रमाण बदलणे हा उपाय नव्हे.

व्हीजी-३० चे मिश्रण पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग ९० च्या वर संपलेले हवे. व्हीजी-४० ला १५० आणि १००. दगड सरकून बसण्याची मुभा याच खिडकीत असते. पहिला व्हायब्रेटरी रोलर पेव्हरच्या शक्य तितका जवळ ठेवा, पातळ थरावर कमी अॅम्प्लिट्यूड आणि जास्त फ्रिक्वेन्सी, वेग ताशी ५ किमीच्या आत. मध्ये १२ ते १५ टनांचा टायर रोलर हवाच. स्टील ड्रम वरून दाबतो, टायर मिश्रण मळतो आणि दगडांना आडवे बसवतो. अनेक कामांवर टायर रोलर उभाच असतो कारण थंड टायरला डांबर चिकटते. टायर मिश्रणाच्या जवळ आणून आधी गरम करून घेतले की हा त्रास कमी होतो. थंड थरावर व्हायब्रेशन चालू ठेवले की पृष्ठभागावर राखाडी-पांढरे ठिपके दिसतात. ते फुटलेले दगड असतात. घनता वाढवायच्या नादात सांगाडा मोडतो आहे, तिथेच थांबा.

तुमच्या रस्त्यावर आता काय करावे

चाकोरीत भर घालून वर नवा थर टाकू नका. खाली वाहणारे मिश्रण तसेच राहते आणि वरचा थर त्याच्यावर सरकतो. बाधित लांबीत बीसी पूर्ण जाडीने मिल करा (यंत्राने खरवडून काढा), डीबीएमचे कोअर कापून तिच्यातही तरंगते दगड आहेत का पाहा, असतील तर तीही काढा. टॅक कोट (दोन थर चिकटवणारा डांबराचा फवारा) प्रति चौरस मीटर ०.२० ते ०.३० किलो, त्याहून जास्त नको. जास्तीचा टॅक घसरणीची पातळीच तयार करतो.

नव्या मिश्रणात ६ मिमीचा चौथा बिन ही पहिली अट ठेवा. ७५ मायक्रॉनखालचा माल ५ टक्क्यांच्या आसपास आणा, आणि या मालाचे (फिलरचे) व कामाच्या डांबराचे वजनी गुणोत्तर १.२ च्या आत ठेवा. कच कमी केल्यावर व्हीएमए वाढेल आणि पोकळ्या ५ च्या वर जाऊ लागतील. तेव्हा पुन्हा धूळ घालून पोकळी भरण्याचा मोह होतो. त्याऐवजी २.३६ ते ०.६ मधला माल थोडा वाढवा किंवा डांबर ०.१ ते ०.२ टक्क्याने सरकवा. व्हीजी-४० किंवा पॉलिमर डांबर घ्या, पण ग्रेडेशन सुधारल्यानंतर. ०.१७ च्या सांगाड्यात महाग डांबर घातले तर चाकोरी एखादा उन्हाळा पुढे ढकलली जाते. चढणीवर, सिग्नलपाशी आणि टोलनाक्यावर खर्च परवडत असेल तर थेट एसएमए करा: डांबर किमान ५.८ टक्के, सेल्युलोज फायबर किमान ०.३ टक्के, ड्रेनडाउन (गरम मिश्रणातून निथळणारे डांबर) ०.३ च्या आत, आणि व्हीसीएची (वर काढलेल्या जाड खडीतल्या जागेची) अट कागदावर न ठेवता प्रत्येक लॉटला मोजून.

पूर्ण काम सुरू करण्याआधी १०० मीटरची ट्रायल पट्टी टाका. तिच्यावर रोलरच्या प्रत्येक दोन फेऱ्यांनी घनता मोजा आणि ती वाढायची थांबली तो आकडा लिहून ठेवा. एमओआरटीएच जास्तीत जास्त सैद्धांतिक घनतेच्या ९२ टक्के किमान मागते. तुम्ही ९४ चे लक्ष्य ठेवा. पट्टीतून सहा कोअर घ्या, त्यातला एक सांध्यावरचा आणि एक ट्रक बदलला त्या जागेचा. चार कापा, दोन विरघळवून ग्रेडेशन काढा आणि ते प्लांटवरच्या सॅम्पलशी ताडा. ७५ मायक्रॉनचे पासिंग दीड-दोन टक्क्यांनी वाढलेले निघाले तर खडी रोलरखाली मोडते आहे, आणि क्रशरकडे परत जावे लागेल.